कोपीतला धूर

दसरा-दिवाळी उलटली की बीड जिल्ह्यातल्या गेवराई, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या भागांतल्या कितीतरी वस्त्या ओस पडतात. उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेले ‘कोयते’, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, मुकादमाच्या टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि पुढचे पाच-सहा महिने त्यांचं घर म्हणजे कोपी. वाकवलेल्या कामट्यांवर पाचट नाहीतर ताडपत्री. वाकूनच आत शिरायचं, खिडकी नाही, आणि थंडी अडवायला दारालाही गोणपाट. बाई पहाटे उठून कोपीत किंवा तिच्या तोंडाशीच तीन दगडांच्या चुलीवर दिवसभराच्या भाकरी थापते. जळण दवानं ओलावलेलं, त्यामुळे ते जळतं कमी आणि धुमसतं जास्त. तान्हं मूल जवळच साडीच्या झोळीत, म्हणजे छताखाली धूर साचतो नेमका तिथे. ऊसतोड कामगाराच्या आरोग्याचा प्रश्न कोयत्याच्या जखमांपेक्षाही या धुरात अधिक आहे, असं माझं मत आहे.

धुरातले अडीच मायक्रॉनहून बारीक कण फुप्फुसाच्या अगदी तळापर्यंत जातात. श्वासनलिकेतले केसांसारखे तंतू एरवी कचरा वर ढकलतात. धुरानं ते दुबळे होतात आणि जंतूंना वाट मोकळी होते. त्यात एका कोपीत चार-पाच माणसं दाटीनं झोपतात, तेव्हा एकाला क्षय असला तर त्याचा खोकला सगळ्यांचाच होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसं मेली.

‘आजीनं जन्मभर चूलच फुंकली, तिला काय झालं?’ असं विचारलं जातं. आजीच्या स्वयंपाकघराला बहुधा धुराडं होतं, माळवदाची उंची होती; शिवाय ज्या आज्या दम्यानं खोकत गेल्या, त्यांची आठवण या प्रश्नात येत नाही. धुरावर दुसरं बोट दाखवलं जातं ते गरीब घरांना गॅसजोडणी देणाऱ्या उज्ज्वला योजनेकडे. ती २०१६ पासून आहे, २०२१ पासून स्थलांतरितांना पत्त्यासाठी स्वयंघोषणाही चालते. पण सिलिंडर भरायला पैसे लागतात आणि पाचट फुकट असतं. आणि गॅस आला म्हणजे सगळं झालं, असंही नाही. भारतासह (तमिळनाडूत) चार देशांत झालेल्या मोठ्या चाचणीत गॅस दिल्यावर धूर खूप घटला, तरी तान्ह्या मुलांचा गंभीर न्यूमोनिया लक्षणीयरीत्या कमी झाला नाही. म्हणून गॅस नको, असा अर्थ मी काढणार नाही. दाटी, ओल आणि कोंडलेली हवा तशीच ठेवून नुसती शेगडी बदलणं पुरत नाही, एवढं मात्र त्यातून मला दिसतं.

राहता राहिला आक्षेप: टोळी फिरती, तिला पक्कं घर कसं देणार? पक्कं घर कोणी मागतच नाही. कोणती टोळी कोणत्या गटात आहे, हे कारखान्याच्या शेतकी विभागाला ठाऊक असतं, कारण ऊस वेळेवर पोचवायचा असतो. त्याच माहितीवर माणूस ताठ उभा राहील इतका उंच, वरून हवा खेळती असलेला, उचलून नेता येणारा तंबू, चुलीसाठी वेगळा आडोसा आणि पाच किलोचा सिलिंडर फडाजवळ पोचवता येईल. लसीकरणाची आणि क्षयाच्या औषधांची नोंदही टोळीबरोबर तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जायला हवी. ती गावाकडे राहून उपयोग नाही, मूल तर फडावर असतं.