गोळ्यांनी न थांबणारी फिट

पाड्यांवर आईवडील मला विचारतात, "ताई, मेंदूचा फोटो काढला की फिट थांबेल ना?" फोटो हा उपचार नव्हे, तपासणी आहे. योग्य अशी 2 औषधे पुरेशा मात्रेत नियमित घेऊनही मुलाची फिट थांबत नसेल, तर डॉक्टर शस्त्रक्रियेचा विचार करतात. एमआरआयमध्ये मेंदूतला व्रण किंवा जन्मजात दोष दिसू शकतो. तो न दिसल्यास पेट स्कॅनमध्ये साखर कमी वापरणारा भाग शोधतात. फंक्शनल एमआरआय बोलण्याची आणि हातापायांच्या हालचालींची केंद्रे दाखवतो. ती जपायची असतात. व्हिडिओ ईईजी आणि चित्रे एकच जागा दाखवत असतील, तर शस्त्रक्रियेची आशा वाढते. तोवर गोळ्या मनाने बंद करू नयेत. जिवावर बेतू शकते. हे मी घरोघरी सांगते, तुम्हीही सांगा.