दिवसभर चरणारा मासा

नागपूरच्या बर्डीवर उभे राहा आणि हवी ती दिशा धरा; समुद्र गाठायचा तर शेकडो किलोमीटर जावंच लागेल. अशा गावात समुद्री मासा पाळायचा, म्हणजे आधी घरातच समुद्र कालवायला हवा!

आणि मासा तरी कोणता? पावडर ब्लू सर्जनफिश. आकाशी अंग, काळं तोंड, पाठीवर पिवळाधमक पर. आपल्या लक्षद्वीपच्या प्रवाळांत तो राहतो. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना एकेक धारदार काटा, चाकूच्या पात्यासारखा खाचेत मिटलेला. मासा बिथरला की शेपटी अशी फटकारतो की समोरच्याला जखमच. जाळीने पकडायला जावं तर काटा जाळीत अडकतो, म्हणून जाणकार त्याला डब्यात घेतात.

आता पाणी. एका लिटरला साधारण 35 ग्रॅम क्षार लागतात. 400 लिटरच्या टाकीला झाले 14 किलो! बरं, स्वयंपाकघरातलं मीठ ओतून भागत नाही. त्यात जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच असतं, आणि समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असं बरंच काही. म्हणून खास मरीन सॉल्ट आणतात.

मे महिन्यात नागपूरचा पारा 45च्या वर जातो, आणि माशाला हवं 25-26 अंशांचं पाणी. चिलर नसेल तर पाण्यावर पंखा सोडतात. पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना उरलेलं पाणी गार होतं. आपला कूलरही याच युक्तीवर चालतो. पण थांबा, इथे एक कोडं आहे. पाण्याची पातळी खाली गेली, तर वरून खारं पाणी घालायचं की साधं? साधं! उडून जातं ते फक्त पाणी, मीठ टाकीतच राहतं. रोज खारं पाणी घालत गेलात, तर मासा लोणच्याच्या वाटेला लागलाच म्हणून समजा.

मासा लगेच सोडत नाहीत. महिना-दीड महिना टाकी नुसती चालू ठेवतात, कारण माशाच्या घाणीतून निघणाऱ्या विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू तिथे वस्तीला यावे लागतात. नायट्रेट आणि उजेड मिळाला की काचेवर, दगडांवर हिरवं शेवाळ धरतं. ते पाहून आपल्याला वाटतं, झाली टाकी खराब. सर्जनफिशला मात्र ताट वाढलेलं दिसतं!

प्रवाळांवर तो सकाळपासून अंधार पडेपर्यंत शेवाळ खुडत असतो. टाकीतलं शेवाळ त्याला पुरत नाही. मग नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचा वाळवलेला कागद, चिमट्याने काचेला लावतात. जरा वेळाने पाहावं तर कागदाच्या कडेला बारीक बारीक चंद्रकोरी कुरतडलेल्या! दिवसातून एकदाच चिमूटभर दाणे टाकणाऱ्यांनी या माशाच्या नादी लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला पोहायला लांबलचक जागाही लागते, आणि घाबरला, उपाशी राहिला की पांढऱ्या ठिपक्यांचा रोग त्याला चटकन धरतो.

खरी गंमत मात्र पोटात आहे. 1985 मध्ये तांबड्या समुद्रातल्या तपकिरी सर्जनफिशच्या, म्हणजे याच्याच एका भाऊबंदाच्या, आतड्यात शास्त्रज्ञांना विचित्र जीव सापडले. काही तर अर्ध्या मिलिमीटरहून मोठे, नुसत्या डोळ्यांना ठिपक्यासारखे दिसणारे. एवढा मोठा जिवाणू असेलच कसा? म्हणून आधी त्यांना दुसऱ्याच गटात टाकलं. 1993 मध्ये जनुकं तपासली तेव्हा कळलं, हे जिवाणूच! नाव एप्युलोपिशियम. आपल्या आतड्यातला ई. कोलाय असतो जेमतेम 2 मायक्रोमीटर. हा त्याच्या 300 पट लांब होऊ शकतो. बहुतेक जिवाणू मधोमध दुभंगून वाढतात. याची पिल्लं मात्र आईच्या पोटातच वाढतात आणि शेवटी आईला फोडून बाहेर पडतात.

प्रयोगशाळेतल्या बशीत त्याला वाढवणं काही जमलेलं नाही. त्याचा अभ्यास करायचा तर शास्त्रज्ञांना आधी मासा पकडावा लागतो, आणि तोही शेपटीचा काटा सांभाळून!