गोळी फुकट, दिवस महाग

दिवाळी सरली की डहाणू-तलासरीचे पाडे ओस पडू लागतात. भातकापणी उरकून वारली व इतर आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर, गुजरातेत, मुंबईच्या बांधकामांवर जातात. याच समाजात सिकलसेल हा आनुवंशिक विकार आढळतो. तो रक्ताचा म्हणून ओळखला जातो. वस्तुतः त्याचा निम्मा खेळ रक्तवाहिनीच्या अस्तरात चालतो.

हे अस्तर म्हणजे निर्जीव नळी नव्हे. त्याच्या पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडून भोवतीच्या स्नायूला सैल होण्याचा संदेश देतात. या शोधाला १९९८ साली नोबेल पारितोषिक लाभले. सिकलसेलमध्ये फुटलेल्या तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन तो संदेशच गिळून टाकते. वाहिनी आकसते, चेतवलेले अस्तर चिकट बनते, विळ्याच्या आकाराच्या पेशी तेथे अडकतात आणि हाडांत असह्य कळ उठते. तहान, उष्मा, अतिश्रम ही तिची निमंत्रणे. भट्टीवर दुसरे असते तरी काय?

हायड्रॉक्सियुरिया ही जुनी, स्वस्त गोळी हा त्रास पुष्कळ कमी करते. मात्र ती रोज घ्यावी लागते, अधूनमधून रक्तही तपासावे लागते. २०२३ च्या राष्ट्रीय मोहिमेने ७ कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले. पण तपासणी पाड्यावर आणि रोगी भट्टीवर, हे गणित जुळायचे कसे? उचल घेतलेल्या मजुराला दवाखान्याचा एक दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. डहाणूचे सिकलसेल कार्ड वसईत, उमरगावात चालले पाहिजे, आणि महिन्या-दोन महिन्यांच्या गोळ्या कापणीपूर्वीच हाती पडल्या पाहिजेत.