आधी दोर, मग हात

सकाळी ६
बडोद्यातल्या सयाजीगंजात रहिवाशांसाठी पूर-बचावाचं प्रशिक्षण असलं की मी आधी काळ्या घोड्याजवळच्या पुलावर थांबते. मे महिन्यातली विश्वामित्री नदी अंग चोरून वाहते. शहरातली तिची पातळी इथेच मोजतात. पाणी २५-२६ फुटांवर गेलं की धोका. २०२४च्या ऑगस्टअखेरीस ते सुमारे ३७ फुटांपर्यंत चढलं होतं. बडोद्यात ऊन पडलं म्हणून पूर टळला असं होत नाही, कारण पावागढ-हालोलकडचा पाऊस आजवा सरोवर भरतो आणि तिथून निघालेलं पाणी काही तासांनी शहरात पोहोचतं. ते तासच आपल्या हातात असतात.

सकाळी ७.३०
शाळेच्या पटांगणात अठ्ठावीस जण जमलेत. रिक्षावाले, भाजीवाल्या, पीजीत राहणारे विद्यार्थी, रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका, दोन गृहिणी. बोलणं निम्मं मराठीत, निम्मं गुजरातीत चालतं.

पहिली गोष्ट मी नेहमी मेक्सिको सिटीची सांगते. १९८५च्या भूकंपात तिथल्या साध्या नागरिकांनी ढिगाऱ्याखालून सुमारे ८०० माणसं जिवंत काढली. पण मदत करता करता त्यांच्यातलेच १००हून अधिक जण पंधरा दिवसांत दगावले. धैर्य त्यांच्याकडे होतं, शिक्षण नव्हतं. त्यानंतर लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलाने नागरिकांना बचावाचं काम शिकवायला सुरुवात केली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची (एनडीआरएफ) सहावी बटालियन बडोद्याजवळच्या जरोदलाच आहे, तरी पूर आला की तिला साऱ्या शहरात धावावं लागतं. आपल्या दारात सगळ्यांत आधी शेजारीच पोहोचतो. तो बुडाला तर वाचवायची माणसं दोन होतात.

सकाळी ८.३०
दोरांचा तास. ओढल्यावर आवळत नाही अशी गाठ प्रत्येकाने दहा वेळा मारायची, शेवटची डोळे मिटून, कारण पुरात अनेकदा दिवे जातात. मग तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन झाकण घट्ट लावून दोराला बांधायचा आणि बुडणाऱ्याच्या पलीकडे फेकायचा, म्हणजे ओढताना तो त्याच्या हाताशी येतो. फेकणाऱ्याने आडवं पडायचं किंवा खांबाला धरायचं.

"बेन, मने तरतां आवडे छे," एक मुलगा म्हणतो. पोहता येतं, मग उडी का नको?

कारण पाण्याखाली उघडी गटारं असतात, वीज उतरलेली असू शकते. आणि ही विश्वामित्री आहे. २०२४च्या पुरात तीन दिवसांत वनखात्याने वस्तीतून २४ मगरी पकडल्या. म्हणून आमचं वाक्य सगळे एका सुरात म्हणतात: पहेलां दोरडुं, पछी हाथ.

सकाळी १०.३०
छाती दाबण्याचा सराव. मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान पाच सेंटिमीटर खोल. तीस दाब, दोन श्वास. दोन मिनिटांत माणूस थकतो, म्हणून जोडीदार आलटून पालटून बसतात. बुडालेल्याला मात्र आधी तोंडाने श्वास द्यायचा, कारण त्याला हवाच मिळालेली नसते. पोट दाबून पाणी काढणं, माणसाला उलटं धरून फिरवणं हे आपल्याकडे हमखास होतं आणि त्यात मोलाची मिनिटं जातात. भाजीवाली मावशी विचारते, "ताई, बरगडी मोडली तर?" मोडू दे. बरगडी सांधते.

दुपारी १२.३०
सेव-उसळीच्या प्लेटा फिरतात. विषय ३१ जुलै २०१९चा निघतो. त्या दिवशी बडोद्यात जवळपास २० इंच पाऊस पडला होता. पोलिस उपनिरीक्षक गोविंद चावडा यांनी दीड महिन्याच्या बाळाला प्लास्टिकच्या टपात ठेवलं, टप डोक्यावर घेतला आणि गळ्याइतक्या पाण्यातून बाहेर आणलं. तो फोटो सगळ्यांनी पाहिलेला आहे. मी एवढंच विचारते, टप कुठला होता? घरातलाच. आपल्या घरात काय काय तरंगतं, हे आजच बघून ठेवा.

दुपारी २
माझ्या मते दिवसातलं सर्वांत मोठं काम हे आहे: गल्लीची यादी. वहीत घरागणिक लिहायचं. जिना उतरू न शकणारं कोण, गरोदर कोण, डायलिसिसला कोण जातं, इन्सुलिन कोणाचं, मेन स्विच कुठे, तळघरातल्या दुकानात रात्री झोपतं कोण. परशुराम भठ्ठ्यासारख्या नदीकाठच्या वस्तीत माणसं एकमेकांना नावाने ओळखतात. पीजीतल्या मुलांना मात्र शेजारी ओळखत नाहीत. म्हणून त्यांची पानं आधी भरायची.

यादीचं महत्त्व मी २०२४मध्ये शिकले. आमच्याच इमारतीतल्या आजींचं इन्सुलिन वीज गेलेल्या फ्रिजमध्ये पडून होतं आणि मला ते दुसऱ्या दिवशी कळलं. आजी सुखरूप राहिल्या. पण दोन मजल्यांचं अंतर आणि मला पत्ता नव्हता, हे अजून सलतं.

दुपारी ४
रंगीत तालीम. रेल्वेचे काका आजारी माणूस झालेत. त्यांना खुर्चीत बसवून दुपट्ट्याने बांधायचं आणि दुसऱ्या मजल्यावरून खाली आणायचं. दोघे खुर्ची धरतात, तिसरा पुढे उलटा चालत पायऱ्या मोजतो. पहिल्या वेळी मोजणारा गप्प राहतो आणि खुर्ची कलते. तिसऱ्या वेळी सगळा जिना त्याच्याबरोबर आकडे म्हणतो.

संध्याकाळी ५.३०
एका दिवसाने कोणी तयार होत नाही, हे मी स्पष्ट सांगते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची 'आपदा मित्र' योजना २०१६मध्ये ३० पूरप्रवण जिल्ह्यांत सुरू झाली. २०२१पासून ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवकांचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. तिथलं प्रशिक्षण बारा दिवसांचं आहे. आजच्यांपैकी ज्यांना पुढे जायचंय त्यांची नावं मी लिहून घेते. सहा जण थांबतात. भाजीवाली मावशी त्यांत पहिली.

संध्याकाळी ७
परतताना पुन्हा पुलावर. नदी सकाळइतकीच शांत. मृग लागायला थोडेच दिवस उरलेत. वाचकहो, तुम्ही कुठल्याही गावात असा, आज रात्री एक कागद घ्या आणि आपल्या जिन्यावरच्या प्रत्येक दारामागे कोण राहतं ते लिहा. जे दार कोरं राहील, ते उद्या वाजवा.