मृत्यूची वेळ सांगणारी माशी

मटणाच्या दुकानात घोंघावणारी हिरवी-निळी, चकचकीत माशी आपण सर्वांनी पाहिली आहे. मृतदेह उघड्यावर असेल तर ती बहुधा काही तासांतच त्यावर अंडी घालते. उन्हाळ्यात साधारण दिवसभरात अळ्या बाहेर पडतात, दोनदा कात टाकून वाढतात व पुढे कोषात जातात. थंडीत ही वाढ मंदावते. म्हणून अळीची जात, वाढ आणि तेथील तापमान पाहून मृत्यूला किमान किती दिवस झाले, हे तज्ज्ञ सांगू शकतात.

१९३५ साली स्कॉटलंडमध्ये मॉफटजवळ ओढ्यात दोन स्त्रियांचे अवशेष सापडले. डॉ. अलेक्झांडर मेर्न्स यांनी अळ्यांचे वय १२ ते १४ दिवस ठरवले. ते इतर पुराव्यांशी जुळले. पत्नीच्या खुनाबद्दल मूळचा मुंबईचा डॉ. बक रक्स्टन १९३६ मध्ये फासावर गेला.

वाचकहो, अशा माशा जिवंत माणसाच्या दुर्लक्षित जखमेतही अंडी घालतात. मधुमेहाने पाय बधिर झाला असेल तर रुग्णाला पत्ताही लागत नाही. अशा जखमांतून मी अळ्या काढल्या आहेत. तेव्हा पाय रोज पाहा, जखम स्वच्छ करून झाकून ठेवा. अळ्या दिसल्याच तर रॉकेल किंवा फिनेल ओतू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.