गाठीगाठींतून उभी राहिलेली यक्षी

पोळा जवळ आला की आठवडी बाजारात नव्या कासऱ्यांचे, दाव्यांचे ढीग लागतात. हल्ली त्यांत नायलॉनच फार. पण अंबाडीच्या वाखाचा दोर हातात घेतला की फरक कळतो: तो खरखरीत लागतो आणि त्याची गाठ सुटता सुटत नाही. अशाच दोरातून मृणालिनी मुखर्जी यांनी माणसापेक्षा उंच देवता घडवल्या.

मुखर्जी यांचा जन्म 1949चा, मुंबईतला. वडील चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी, आई शिल्पकार लीला मुखर्जी. बालपण डेहराडूनला आणि सुट्ट्या शांतिनिकेतनात गेल्या. पुढे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात चित्रकला आणि नंतर के. जी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली भित्तिचित्रणाचं शिक्षण झालं. सुब्रमण्यन 1959 ते 1961 या काळात मुंबईत हातमाग मंडळात डिझाइनचं काम पाहत होते. विणकर, कुंभार, खेळणी करणारे यांना ते कलावंतांच्याच पंगतीला बसवत. त्यांची विद्यार्थिनी दोराकडे वळली, यात नवल नाही.

त्यांच्या शिल्पांच्या दोराला इंग्रजीत हेम्प म्हणतात. हेम्प म्हणजे मुळात भांगेच्या झाडाचा वाख. इंग्रजीने मात्र हे नाव सढळ हाताने वाटलं. आपला ताग झाला ‘सन हेम्प’, अंबाडी झाली ‘डेक्कन हेम्प’. झाडं निरनिराळी, पण तिन्हींची रीत एकच. वाख असतो खोडाच्या सालीत. कापलेल्या काड्यांच्या पेंढ्या पाण्यात बुडवून ठेवल्या की सूक्ष्मजंतू सालीतलं चिकट द्रव्य खाऊन टाकतात. मग साल सोलायची, धुवायची, वाळवायची. हाती येतात लांब, चिवट धागे आणि त्यांना पीळ दिला की दोर तयार. ओढला तरी हा दोर फारसा लांबत नाही. म्हणून एकदा बसलेली गाठ ढळत नाही, आणि शिल्पाचा सगळा भार त्या गाठीवरच असतो.

मुखर्जींना माग लागला नाही. धातूचा सांगाडा, रंगवलेले दोर आणि बोटं, एवढंच भांडवल. आधी रेखाटन करायचं नाही. एका गाठीने पुढची गाठ सुचवायची. तंत्र मॅक्रमेचं. ज्या गाठींतून तेव्हा घरोघरी कुंड्यांची शिंकी आणि झोळ्या होत होत्या, त्याच गाठी त्यांनी हजारोंनी मारल्या. एकेका शिल्पाला महिनोन्‌महिने लागत.

‘यक्षी’ (1984) पाहावी. दोराच्या जाड घड्या एकावर एक उतरत येतात. त्यांत पदर दिसतो, पाकळी दिसते, आणि क्षणभराने एखाद्या अनोळखी प्राण्याचं अंगही दिसतं. नाव पुराणातलं असलं तरी ही कुठल्या मंदिरातल्या मूर्तीची नक्कल नाही. दगड आपल्या जागी ताठ उभा राहतो. दोर लोंबतो, झुकतो, वजनाने खाली येतो. मुखर्जींनी त्या झुकण्यालाच आकार मानला. त्यांचं खरं धाडस इथे आहे.

तरीही दोराचं काम म्हणजे हस्तकला, ही समजूत लवकर हटली नाही. पुढे त्यांनी माती आणि ब्राँझही हाताळलं. जानेवारी 2015मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं मोठं प्रदर्शन सुरू झालं, आणि काही दिवसांतच त्या गेल्या. न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर संग्रहालयातलं 2019चं प्रदर्शन त्यांना पाहायला मिळालं नाही. 2022मध्ये व्हेनिसच्या बिएनाले या कलाप्रदर्शनात ‘रुद्र’, ‘देवी’ आणि ‘वनश्री’ ही शिल्पं गेली, तीही त्यांच्या माघारी.

हे बिएनाले ज्या वास्तूंमध्ये भरतं, त्यांतली एक आहे कॉर्डेरी, म्हणजे दोरखान्याची इमारत. व्हेनिसच्या जहाजांचे हेम्पचे दोर शतकानुशतकं तिथेच वळले जात. दोर वळायला सलग लांब जागा लागते. म्हणून ती इमारत 300 मीटरहून लांब आहे.