भरलेले पोट आणि भुकेले मूल

पोट भरले म्हणजे पोषण झाले, असा समज सर्वत्र रूढ आहे. मोठ्या माणसाच्या बाबतीत तो बहुधा निभावून जातो. परंतु सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या बालकाच्या बाबतीत तो घातक ठरू शकतो. वरचे अन्न सुरू झाल्यावर अनेक मुलांचे वजन वाढेनासे होते. आपण वाटीभर पेज रोज भरवितो, असे आई सांगते आणि तिचे सांगणे खरेही असते. याचे कारण समजण्यासाठी अन्न कसे पचते, हे पाहिले पाहिजे.

तांदूळ, गहू, नाचणी यांतील पिष्ट म्हणजे शर्करेच्या कणांची लांबच लांब साखळी होय. ही साखळी आतड्याच्या भिंतीतून रक्तात शिरू शकत नाही. ती आधी तोडावी लागते. हे काम अमायलेज नावाचे विकर करते. ते लाळेत असते, म्हणूनच भाकरीचा घास बराच वेळ चावला असता गोड लागू लागतो. जठरात प्रथिनांच्या पचनास प्रारंभ होतो. पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडाचा रस व पित्त येऊन मिळतात आणि उरलेले पचन तेथे पूर्ण होते. मोठ्या माणसाचे हे आतडे सुमारे 6 मीटर लांब असून त्याच्या अस्तरावर मखमलीसारखे असंख्य सूक्ष्म रसांकुर असतात. पचलेले अन्नरस त्यांच्या द्वारे शोषले जातात.

बालकाचे जठर मात्र अगदी लहान. त्यातच पीठ शिजताना पिष्टाचे कण पाणी शोषून फुगतात व पेज घट्ट होते. घट्ट पेज मुलास गिळवत नाही, म्हणून आई तीत पाणी घालते. 100 ग्रॅम पेजेत 10 ग्रॅम पीठ असेल, तर तीतून सुमारे 35 उष्मांक मिळतात. 20 ग्रॅम असेल, तर सुमारे 70. पातळ पेजेने जठर भरते, मूल तोंड फिरवते आणि शरीर उपाशी राहते.

या अडचणीवर बडोद्यात उपयुक्त संशोधन झाले. प्राचीन काळी अंकोट्टक म्हणून ओळखले जाणारे अकोटा ज्या शहराचा आज एक भाग आहे, त्याच शहरातील महाराजा सयाजीराव विद्यापीठात 1980 च्या दशकात डॉ. तारा गोपालदास व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोड आणलेल्या धान्याच्या पिठाचा अभ्यास केला. धान्यास मोड येताना त्यात अमायलेज मोठ्या प्रमाणात तयार होते. असे थोडेसे पीठ घट्ट पेजेत मिसळले असता पिष्टाच्या साखळ्या तुटतात आणि पाणी न वाढविता पेज पातळ होते. मुलाच्या आतड्याचे काही काम भांड्यातच उरकते, असे म्हणता येईल. आपल्याकडील घरोघरचे मोड आणलेल्या नाचणीचे सत्त्व याच जातीचे आहे. त्याचा मान आजींना द्यावयास हवा.

गहू रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून एक-दोन दिवस मोड आणावेत, उन्हात कडकडीत वाळवावेत, मोड चोळून काढावेत व दाणे दळावेत. फार भाजू नयेत. जास्त उष्णतेने विकर नष्ट होते. याच कारणाने हे पीठ उकळत्या पेजेत घालू नये. पेज उतरवून किंचित निवली की वाटीस लहान चमचाभर पीठ घालून ढवळावे. काही मिनिटांत ती सैल होते. नंतर तिला पुन्हा एक उकळी द्यावी, कारण कच्च्या पिठाबरोबर जंतू जाण्याचा संभव असतो. शिक्षकांनी दोन वाट्या शेजारी ठेवून हा प्रयोग पालकसभेत करून दाखवावा.

पेज सैल झाली तरी तीतील प्रथिने वाढत नाहीत. वरण, दूध व स्तनपान चालूच ठेवावे. लहान चमचाभर तेल किंवा तूप घातल्यास सुमारे 45 उष्मांकांची भर पडते. या कामी ज्वारीचे मोड मात्र घेऊ नयेत. कोवळी ज्वारी खाऊन जनावरांना विषबाधा होते, हे शेतकऱ्यांस ठाऊकच आहे. तेच विषारी द्रव्य ज्वारीच्या मोडांतही तयार होते.